हक्कसोडपत्रावरची बाई

"परत लावलंस न्हवं लगीच? मग झालं तर."

स्वयंपाकघरातून एवढंच ऐकू आलं. सासू सुनेला दबक्या आवाजात सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फाईल ठेवून चहाची वाट पाहत बसले होते. काय लावलं, कधी लावलं, मला काहीच कळलं नाही. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. सेवेतली कितीतरी प्रकरणं आता धूसर झाली आहेत. हे वाक्य मात्र कोणीतरी आत्ताच बोलल्यासारखं कानात आहे.

पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी सहसा साठी ओलांडलेली माणसं लिहितात. मी पस्तिशीच्या आतच वर्दी उतरवली. कारणं घरगुती होती आणि ती इथे सांगायची गरज नाही. त्याआधी काही वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. माझं शिक्षण सांगलीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत झालं. वर्गात मराठीत बोललं तर दंड भरावा लागे आणि टिकली लावून आलं तर ती फाटकातच काढावी लागे. आम्ही मुली ती काढून डायरीच्या पुठ्ठ्याला चिकटवायचो आणि घरी जाताना परत लावायचो. अशा शाळेतून आलेली मी पहिल्यांदा पंचनामा लिहायला बसले तेव्हा 'चतुःसीमा' हा शब्द शेजारच्या हवालदारबाईंना हळूच विचारला होता. त्या माण तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, चारी बाजूला कोन कोन हाय ते. लाजताय कशाला? आमाला कुटं तुमचं इंग्लिश येतंय!" पुढे माझं मराठी सुधारलं, पण भिडस्तपणा गेला नाही. मी कमी बोलायची आणि जास्त पाहायची.

ते वाक्य ज्या प्रकरणातलं, त्याची तक्रार घेऊन आलेली बाई पस्तिशीची होती. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती, त्याला नऊ वर्षं झाली होती. तिनं वडिलांच्या रानात भाजीच्या रोपांची रोपवाटिका उभी केली होती. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, झेंडू. शेडनेटखाली हजारो ट्रे. सांगलीकडचे शेतकरीही टेम्पो घेऊन तिच्याकडे रोपं न्यायला येत. बियाणं आणि रोपं विकण्याचा परवाना तिच्या नावावर होता. बाकी सगळं वडिलांच्या नावावर होतं: वीजजोडणी, विहीर, शेडनेटचं अनुदान, आणि अर्थात जमीन. वडिलांनी तिला बांधावर उभं करून सांगितलं होतं, "हे एकर तुझं." त्यावर तिनं नऊ वर्षं धंदा केला. कागद केला नाही. बापाकडे कागद कसा मागायचा?

वडील वारले. सातबाऱ्यावर आई, सैन्यात असलेला भाऊ आणि ती, अशी तिघांची वारस नोंद झाली. तोवर सगळं ठीक होतं. मग परवान्याचं नूतनीकरण आलं. कृषी कार्यालयात तिनं ताजा सातबारा दाखल केला, तर तिथल्या कारकुनानं तो उलटा फिरवून तिच्यासमोर ठेवला. त्यावर दोनच नावं होती. तिचं नव्हतं.

"मॅडम, मी म्हणं हक्कसोडपत्र करून दिलंय. आईच्या नावानं. रजिस्टर. मी त्या आपिसात पाऊल सुदिक ठेवलं न्हाई वो."

हक्कसोडपत्र आमच्या भागात नवं नाही. बापाच्या माघारी बहिणी भावासाठी हक्क सोडतात, सही करतात, साडी-चोळी घेऊन सासरी जातात. भावानं पुढे केलेला कागद वाचायला मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं मानलं जातं. त्यामुळे ठाण्यात अशा तक्रारी येतात, आणि बहुतेक वेळा सही खरीच निघते. आमचे पोलीस निरीक्षक, त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, अर्ज वाचून म्हणाले, "दिवाणी मॅटर आहे. सही करून आता पस्तावली असेल. तरी चौकशी करा. बायकांचं भांडण आहे, तुम्हीच बघा."

दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित प्रत मागवली. दस्त रीतसर होता. शेवटच्या पानावर हक्क सोडणाऱ्या बाईचा फोटो, अंगठ्याचा ठसा आणि ओळख पटवणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. एक साक्षीदार त्या कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणारा दस्तलेखक. दिवसाला दहा-पंधरा अनोळखी माणसांना तो "मी ओळखतो" म्हणून ओळखायचा. दुसरा त्याचाच मदतनीस. आधार कार्ड मूळ होतं, तिचंच. तलाठ्यानं फेरफाराची नोटीस घरी पाठवली होती, ती आईनं सही करून घेतली होती आणि मुलीला सांगितलं नव्हतं.

फोटो टपाल तिकिटाएवढा, काळा-पांढरा. डोक्यावरून पदर, मान खाली, चेहरा पुसट. कपाळाच्या मधोमध एक पांढरा डाग. प्रिंटरचा असेल, असं साहेब म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

मी तो फोटो तक्रारदार बाईला दाखवला. तिनं पान हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"मी न्हाई ही."

"मग कोण आहे?"

"काय कळंना मॅडम." तिनं पान माझ्याकडे न देता टेबलावर उपडं ठेवलं.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. बायकांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, त्यांच्या घरी जाऊन तो घ्यायचा असतो. घर रोपवाटिकेला लागूनच होतं. तक्रारदार बाई रोपवाटिकेच्या खोलीतच राहायची. घरात म्हातारी आई आणि सून, म्हणजे सैन्यातल्या भावाची बायको. सून नणंदेच्याच बांध्याची, चार-पाच वर्षांनी लहान. कपाळावर जुन्या रुपयाएवढी मोठी मरून टिकली. ती चहा करायला आत गेली, मागोमाग म्हातारी गेली, आणि ते वाक्य माझ्या कानावर आलं.

म्हातारी बाहेर आली ती पदर खोचूनच. "इचारा काय इचारायचं ते."

"दस्त झाला त्या दिवशी तुमची मुलगी तुमच्याबरोबर होती?"

"व्हती की. माझ्या लेकीला मी वळखत न्हाई व्हय? नऊ महिने पोटात वागवलीया."

"ती तर म्हणते, ती गेलीच नाही."

"आता म्हनणारच. सोडलेला हक्क ग्वाड लागाय लागला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तुमचं लगीन झालंय का?"

मी नाही म्हटलं.

"मग तुमाला न्हाई कळायचं हे."

हवालदारबाई मध्ये पडल्या. "मावशे, माझं झालंय. मला सांग."

म्हातारी हसली नाही. तिनं तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि वर जोडलं की काम झाल्यावर येताना औंधला उतरून यमाईला जाऊन आलो, सुनेनं देवीची ओटी भरली. मी ते लिहून घेतलं. लिहिताना मनात आलं, सून कशाला गेली होती? दस्त मायलेकींचा. पण ओटी कोणी, कशासाठी भरावी हा पोलिसांचा प्रश्न नव्हता. तो मी विचारायला हवा होता. माझ्या हातून झालेली ही चूक मी इथे लिहून ठेवते.

सून चहाचा ट्रे घेऊन आली. मी तिच्याकडे नवऱ्याची चौकशी केली. "वर असत्यात. बर्फात. चार-चार दिस फोन लागत न्हाई," ती म्हणाली आणि तिचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. जवानाच्या बायकोचा हात तिकडे जातोच, असं मी समजले.

अंगठ्याचा ठसा पुसट होता. तो आणि तक्रारदार बाईच्या ठशाचा नमुना, दोन्ही अंगुलीमुद्रा विभागाकडे पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. तेवढ्यात मी पुन्हा निबंधक कार्यालयात गेले. तिथल्या ऑपरेटरला म्हटलं, हा फोटो तुमच्या संगणकावर रंगीत असेल, मोठा करून दाखवाल का? तो कुरकुरला. लोक खोळंबलेत म्हणाला. पण दाखवला.

प्रिंटरचा डाग नव्हता तो.

उन्हानं रापलेल्या कपाळावर, भुवयांच्या मध्ये, एक गोल, पांढुरका ठिपका होता. वर्षानुवर्षं चिकटवायची टिकली लावणाऱ्या बायकांना त्या गोंदाचा असा डाग पडतो. आमच्या शाळेच्या फाटकात टिकल्या काढणाऱ्या मुलींकडे मी दहा वर्षं पाहिलं होतं, आणि पुढे आमच्याच ठाण्यातल्या एका बाईंना असा डाग पडलेला पाहिला होता. पदराच्या कडेला, मानेवर, एक बारीक फिकट रेघही होती. उन्हात राबणाऱ्या बाईच्या मानेवर पोत जिथे कायम असते तिथेच ऊन पोहोचत नाही.

तक्रारदार बाईनं नऊ वर्षांत टिकली लावली नव्हती. तिचं कपाळ एकसारखं रापलेलं होतं.

फोटोतली बाई सवाष्ण होती. फोटोपुरतं तिनं सगळं उतरवून ठेवलं होतं.

'परत लावलंस न्हवं लगीच?'

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकड्यावर बसले. शेजारी लोक फॉर्म भरत होते, कोणीतरी स्टँपपेपरसाठी सुट्टे मागत होतं. मी शकुन-अपशकुन मानणाऱ्यातली नाही, निदान तोवर तसं समजत होते. पण ज्या बाईचा नवरा बर्फात उभा आहे, जिच्या घरात फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं, तिनं नणंदेच्या एक एकरासाठी विधवेचं कपाळ करून कॅमेऱ्यासमोर बसायचं? आणि तिला बसवलं कोणी, तर त्याच जवानाच्या आईनं? खोटे दस्त मी पाहिले होते. खोट्या सह्या, मेलेल्या माणसांचे अंगठेही. असं कधी पाहिलं नव्हतं.

ठाण्यात येऊन साहेबांना सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी गुन्हा नोंदवायला सांगितलं: तोतयेगिरी, फसवणूक, बनावट दस्त. "आजच जा," ते म्हणाले, "आणि तिला टिकली काढायला लावा. दोन सेकंदांत निकाल. फोटो घ्या, पंच बरोबर न्या."

कायद्यानं त्यात काही गैर नव्हतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. डाग दिसला, फोटोशी जुळला, तर तो उपयोगी पडला असता. मी "हो सर" म्हटलं.

गाडीत हवालदारबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. गाव आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मला नका सांगू काढायला. तुमीच सांगा. माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं."

पंचांना बाहेर ओट्यावर बसवलं. म्हातारी शेजारी गेली होती. आतल्या खोलीत सून, मी आणि हवालदारबाई. मी रंगीत फोटो तिच्यासमोर ठेवला.

तिनं पाहिला. नाकारलं नाही, रडलीही नाही. थोड्या वेळानं बोलायला लागली, ती थांबेचना.

गावातल्या कोणीतरी सासूच्या कानात घातलं होतं की लेक दुसरं लग्न करणार आहे. रोपांच्या ट्रेमध्ये भरायचं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, घेऊन येणारा टेम्पोवाला सारखा येतो, चहाला थांबतो. ते खरं की खोटं, मी विचारलं नाही. तपासाशी त्याचा संबंध नव्हता. सासूनं हिशेब मांडला: लग्न झालं की एक एकर, विहिरीचा वाटा आणि चालता धंदा परक्या घरी जाणार. लेकीला सरळ विचारलं असतं तर ती सही करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आधार कार्ड घरातल्याच पत्र्याच्या पेटीत होतं. सुनेची अंगकाठी लेकीशी जुळत होती.

"मी म्हनलं, आत्याबाई, मला ह्यात घालू नगा. तर म्हनल्या, तुझ्याच लेकरांसाठी करतीया. आधार कार्डावर वन्संचं कपाळ मोकळं हाय, तसंच दिसाय पायजे. त्या आपिसाच्या मागं, गाडीच्या आडोशाला, त्यांनीच माझं डोरलं काढून घेतलं. बांगड्या काढल्या. टिकली मी काढली. त्यांच्या हातात दिली."

तिनं दम घेतला.

"नुसत्या धा मिंटासाठी. बाहेर आल्या आल्या लावलं परत. मग यमाईला गेलो. देवीपुढं नाक घासलं. पन मॅडम, त्या रातीपासनं मला डोळ्याला डोळा न्हाई. फोन वाजला तरी भ्या, न्हाई वाजला तरी भ्या."

हवालदारबाईंनी तोंडाला पदर लावला होता. नंतर गाडीत त्या म्हणाल्या, "विधवेचं लगीन हुईल म्हनून म्हातारीला भ्या वाटलं, आन् सवाशिनीला विधवा करून बसवली. काय म्हनावं ह्या डोस्क्याला!"

म्हातारी परत आली तेव्हा दारात तक्रारदार बाईही उभी होती. पोलिसांची गाडी पाहून ती रोपवाटिकेतून आली होती, हात मातीनं भरलेले. तिला सांगणं भाग होतं. मी सांगितलं, अगदी कोरड्या शब्दांत. मला वाटलं ती आईवर ओरडेल. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"वैनी, कुंकू पुसलंस?"

सुनेनं मान खाली घातली.

"आयं," ती आईकडे वळली. "एकर माझ्याकडं मागायचंस की गं. दिलं आसतं न्हाईतर भांडले आसते. दादा तकडं बर्फात हाय. त्याच्या जित्तेपनी तू हिचं डोरलं काढलंस?"

म्हातारीचा सगळा ताठा गेला. ती नुसती "पोरी, पोरी" करत राहिली. ठाण्यात मी अनेक आरोपी मोडताना पाहिले आहेत, तपासाच्या दडपणानं, पुराव्यानं. ही बाई पुराव्यानं मोडली नाही. ती लेकीच्या त्या एका प्रश्नानं मोडली.

पुढचं थोडक्यात. सासू, सून आणि दस्तलेखक यांच्यावर दोषारोपपत्र गेलं. सुनेचा ठसा दस्तावरच्या ठशाशी जुळला. दोघी बायकांना जामीन मिळाला. आई आणि भावानं हरकत घेतली नाही, म्हणून दिवाणी कोर्टानं तो दस्त लवकर रद्द ठरवला आणि सातबाऱ्यावर तिचं नाव पुन्हा लागलं. या सगळ्यात एक अख्खा हंगाम परवान्याविना गेला. ट्रे रिकामे पडून राहिले, सांगलीकडची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

जवान भाऊ रजेवर आला. धडधाकट होता. तो आधी ठाण्यात आला, तिथून बहिणीकडे गेला. तिघांच्या संमतीनं रीतसर वाटप झालं, तेव्हा तहसील कार्यालयात त्यानं सगळा मसुदा मोठ्यानं वाचून दाखवला, आईला, बायकोला आणि बहिणीला, गटनंबरासकट. ऐकणारे लोक हसत होते. "हसू द्या," तो म्हणाला, "आमच्यात वाचल्याबिगर सही करत न्हाईत." ते एकर, विहिरीतला वाटा आणि रस्ता बहिणीच्या नावे झाला. वीजजोडणीही तिच्या नावावर झाली. बापाचा बांधावरचा शब्द कागदावर यायला एवढं सगळं घडावं लागलं.

मला या प्रकरणानं काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर कायद्याच्या बाजूनं मी सांगते: घरातल्या माणसाच्या जमिनीवर धंदा उभा करणार असाल, तर संमतीपत्र, भाडेपट्टा, वाटप, काहीतरी लेखी करा, आणि ते माणूस हयात असताना करा. सातबारा वर्षातून दोनदा तरी काढून बघा. आधार कार्ड स्वतःजवळ ठेवा. हे मी आता सांगलीत माझ्याकडे स्पर्धा परीक्षेसाठी शिकायला येणाऱ्या मुलींनाही सांगते. त्या वहीत लिहून घेतात.

माणसांच्या बाजूनं जे शिकले ते इतकं नेमकं सांगता येत नाही. खोटं करणारी माणसं वाईटच असतात असं मी प्रशिक्षणात धरून चालले होते. ती सून रोज सकाळी नणंदेला भाकरी नेऊन देत होती, दस्त झाल्यावरही. नणंदेनं फोटो ओळखला होता, पहिल्याच दिवशी. ते तिनं मला फार नंतर सांगितलं. "वळखलं व्हतं. पन वैनीचं मोकळं कपाळ बघवना मला," ती म्हणाली. "म्हनून पान उपडं ठिवलं."

सुनेनं कबूल केलं त्या महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये वरिष्ठांनी मला उभं केलं. बावीस-तेवीस अधिकारी, सगळे माझ्याकडे बघत होते. "बाई लगेच कशी बोलली? नेमकं काय विचारलंत?" मी काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले. केस डायरीतही ते लिहिलेलं नाही, कारण तो प्रश्न नव्हता आणि साहेबांचा हुकूमही नव्हता.

फोटो पाहिल्यावर सून बोलायला लागली, त्याच्या जरा आधीची ती गोष्ट आहे. मी काही बोलायच्या आत तिनं मान वर केली. मी कशासाठी आले आहे हे तिला समजलं होतं. तिचा उजवा हात हळूहळू कपाळाकडे गेला. नख टिकलीच्या कडेखाली शिरलं. बाहेर पंच होते, माझ्या हातात कॅमेरा होता, आणि शेजारी हवालदारबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि तिचं मनगट धरलं.

"राहू द्या, वहिनी. ती काढू नका. तुम्ही नुसतं सांगा."